सूर रुसले तर?

मुलांनो, असं तुमचं कधी झालंय का? पेटी पुढ्यात आहे, भाता हलतो आहे, बोटं पट्ट्यांवर आहेत. समोर वहीत गाण्याचे शब्द लिहिलेले आहेत. फक्त त्यांना चाल लावायची आहे. आणि तीच काही केल्या सुचत नाही! एक ओळ गुणगुणावी, तर वाटतं, "छे, हे तर आजीच्या भजनासारखं झालं." दुसऱ्यांदा गुणगुणावी, तर वाटतं, "हे तर कालच टीव्हीवर ऐकलं." तिसऱ्या वेळी तोंडातून सूरच फुटत नाही. मग आपण भाता मिटतो आणि आईला सांगून टाकतो, "मला नाही जमत."

पेटीऐवजी तुमच्याकडे बासरी असेल, कीबोर्ड असेल, नाहीतर नुसता गळाच असेल. पण सूर रुसले की सगळ्यांचं सारखंच होतं.

आज मी तुम्हांला अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्याचे सूर एक-दोन दिवस नव्हे, जवळजवळ तीन वर्षे रुसून बसले होते. पण त्याआधी आमच्या वर्गातली एक छोटी गोष्ट सांगते. कारण तिच्यात चूक माझी होती.

चूक बाईंची!

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. पुस्तकातली कुठलीही कविता द्या, मधल्या सुट्टीपर्यंत तिची चाल तयार! पाढ्यांनासुद्धा तिने चाली लावल्या होत्या. स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा वर्गाने मिळून आपल्या शाळेच्या अंगणातल्या कडुलिंबावर एक गाणं लिहिलं. पहिलीच ओळ होती, 'लिंबाखाली शाळा माझी'. चाल कोण लावणार हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती दोन ओळींची चाल घेऊन आली आणि वर्गापुढे उभं राहून गाऊ लागली. मी घाईत होते. हजेरी भरायची होती, वर्गात गलका होता. दोन ओळी ऐकल्या न ऐकल्या तोच मी म्हणाले, "अगं, ही तर त्या सिनेमातल्या गाण्याची चाल!" वर्ग खो खो हसला. ती पण हसली. मला वाटलं, झालं, संपलं.

पण संपलं नव्हतं. त्यानंतर रोज विचारलं की तिचं एकच उत्तर, "बाई, काही सुचत नाही." आठ दिवसांनी ती हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुणाला तरी द्या ना. माझ्यात ते नाहीच."

मुलांनो, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. जिच्या डोक्यात दिवसभर चाली वाजायच्या, तिचं डोकं माझ्या एका वाक्याने गप्प झालं होतं! त्या संध्याकाळी मला रशियातल्या सर्गेईची गोष्ट आठवली. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली बसून मी ती तिला सांगितली. तीच आता तुम्हांला सांगते.

सुवर्णपदक आणि आपटी

त्याचं पूर्ण नाव सर्गेई रखमानिनॉव्ह. जन्म १८७३ सालचा. मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून १८९२ मध्ये तो सुवर्णपदक मिळवून बाहेर पडला, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने पियानोसाठी एक छोटीशी रचना केली. जेमतेम चार मिनिटांची. ती इतकी गाजली की पुढे आयुष्यभर तो जिथे जाई, तिथे लोक म्हणत, "तेवढी ती वाजवाच!"

अशा मुलाला सूर कधी सोडून जातील, असं कुणाला तरी वाटेल का?

१८९५ मध्ये त्याने आपली पहिली सिंफनी लिहिली. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाने मिळून वाजवायची लांबलचक रचना. आपल्याकडे गवई मैफलीत बसल्या बसल्या राग फुलवत जातो. सिंफनीचं तसं नाही. व्हायोलिनांनी काय वाजवायचं, बासऱ्यांनी कधी थांबायचं, नगाऱ्यांनी कुठे गरजायचं, हे सगळं रचनाकाराने आधीच कागदावर लिहून ठेवलेलं असतं. केवढं काम!

मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग शहरात ती पहिल्यांदा वाजली. वाद्यवृंदाचे संचालक होते अलेक्सांद्र ग्लाझुनॉव्ह. पण सराव पुरेसा झालेला नव्हता. वादन विस्कळीत झालं. आपलीच रचना अशी वेडीवाकडी वाजताना सर्गेईला ऐकवेना. तो जिन्यात जाऊन उभा राहिला. त्याला चोवीसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

पुढे तर आणखी वाईट झालं. सेझार क्यूई नावाच्या नामांकित संगीतकाराने वर्तमानपत्रात टीका लिहिली. नरकात एखादं संगीत विद्यालय असतं, तर तिथल्या विद्यार्थ्याने असलं काहीतरी लिहिलं असतं आणि नरकातले रहिवासी खूश झाले असते, अशा अर्थाची! विचार करा, दोन वर्षांपूर्वी जीव ओतून लिहिलेल्या रचनेबद्दल असं वाचायला मिळालं तर काय होईल?

सर्गेईचं लिहिणंच थांबलं.

हात चालू, सुचणं बंद

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्याचं संगीत संपलं नव्हतं. त्याची बोटं पूर्वीसारखीच पियानोवरून धावत होती. त्याच वर्षी त्याने मॉस्कोच्या एका खाजगी ऑपेरा मंडळीत वाद्यवृंदाच्या संचालकाचं काम धरलं. तिथे शाल्यापिन नावाच्या थोर गायकाशी त्याची मैत्री जमली. १८९९ मध्ये तो लंडनलाही जाऊन आला. तिथल्या लोकांना तो इतका आवडला, की त्याने त्यांच्यासाठी नवीन काँचेर्तो लिहायचं कबूल केलं. (काँचेर्तो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि बाकीचा वाद्यवृंद यांचा जणू सवाल-जवाबच!)

कबूल तर केलं, पण घरी येऊन कागद पुढे ओढला की मन कोरं! अगदी किरकोळ रचना सोडल्या, तर जवळजवळ तीन वर्षे हे असंच चाललं. त्यातच १९०० च्या सुरुवातीला तो आणि शाल्यापिन थोर लेखक टॉलस्टॉय यांच्या घरी गेले. तिथे दोघांनी मिळून सर्गेईचं एक गाणं सादर केलं. टॉलस्टॉयना ते आवडलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलंही. आधीच खचलेला सर्गेई आणखीच खचला.

पाहा, असं का होतं? सूर सुचणं हे एक काम आणि सुचलेल्या सुराला बरं-वाईट म्हणणं हे दुसरं काम. ही दोन कामं आपल्या मनात दोघं जण करतात असं समजा. एक असतो खेळगडी आणि दुसरा परीक्षक. दोघंही हवेत. पण परीक्षक लाल पेन घेऊन खेळगड्याच्या मानेवरच बसला, तर खेळगडी खेळेल कसा? सर्गेईच्या मानेवर तर परीक्षकांची रांगच लागली होती: क्यूई, टॉलस्टॉय आणि सगळ्यांत कडक परीक्षक तो स्वतः.

डॉक्टर दाल

शेवटी त्याच्या नातेवाइकांनी त्याला एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांचं नाव डॉ. निकोलाय दाल. नाव ऐकून हसू नका, वरणाशी त्यांचा काही संबंध नव्हता! हे डॉक्टर संमोहनाचे जाणकार होते आणि स्वतः हौसेने वाद्यही वाजवत असत.

१९०० च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सर्गेई त्यांच्याकडे रोज जात होता. डॉक्टर त्याला आरामखुर्चीत बसवत. त्याला झोप आणि जाग यांच्या मधल्या अवस्थेत नेत आणि शांत आवाजात तीच तीच गोष्ट सांगत: तू काँचेर्तो लिहायला लागशील, काम सहज होईल, रचना चांगली होईल. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. शिवाय त्याच्याशी संगीताबद्दल गप्पाही मारत.

यात जादू नव्हती बरं का! 'लिही, नाहीतर बघ' असा धाकही नव्हता. मानेवर बसलेल्या परीक्षकांना एकेक करून खाली उतरवायचं काम चाललं होतं.

आणि त्या उन्हाळ्यात सर्गेईच्या मनात सूर पुन्हा वाजू लागले. आता गंमत ऐका. काँचेर्तोचे तीन भाग असायचे होते. त्याने आधी कोणते लिहिले असतील? दुसरा आणि तिसरा! पहिला भाग लिहिलेलाच नव्हता. डिसेंबर १९०० मध्ये मॉस्कोत हे दोनच भाग लोकांना ऐकवले. लोकांना ते फार आवडले. मग त्याने पहिला भाग पुरा केला आणि नोव्हेंबर १९०१ मध्ये संपूर्ण काँचेर्तो वाजला. पियानोवर होता स्वतः सर्गेई.

आज सव्वाशे वर्षे होत आली, तरी जगभर हा पियानोचा दुसरा काँचेर्तो वाजतो आहे. आणि तो अर्पण कुणाला केला आहे, माहीत आहे? डॉ. दाल यांना!

आपल्याला कसं जमेल?

गोष्ट सांगून झाली तेव्हा आमच्या वर्गातली ती मुलगी म्हणाली, "बाई, पण आपल्याकडे ते डॉक्टर कुठायत?" खरंच होतं. मग आम्ही दोघींनी मिळून काही युक्त्या काढल्या. तुम्हीही करून पाहा.

पहिली युक्ती, आधी साठवा, मग निवडा. बीथोव्हेन हा जर्मनीत जन्मलेला महान संगीतकार. तो फिरायला जाताना वही-पेन्सिल बरोबर न्यायचा आणि सुचेल ते टिपून ठेवायचा. त्याच्या अशा कच्च्या वह्यांची पानंच्या पानं आज जपून ठेवली आहेत. किती खाडाखोड, किती गिरगटा! त्याच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात चारच सुरांची आहे, तीन आखूड आणि एक लांब. ती कुणालाही वाजवता येईल. पण १८०४ च्या सुमाराला टिपायला घेतलेली ही सिंफनी लोकांपुढे आली १८०८ मध्ये. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही पहिल्या फटक्यात सगळं सुचत नव्हतं! तेव्हा आईबाबांच्या मोबाइलवर दहा वेगवेगळ्या चाली गुणगुणून ठेवा. वाईट वाटल्या तरी ठेवा. दोन दिवस ऐकूच नका. तिसऱ्या दिवशी ऐका आणि तेव्हा परीक्षकाला बोलवा.

दुसरी युक्ती, स्वर कमी घ्या. आहेत तेवढ्या सगळ्या पट्ट्या मोकळ्या असल्या की कुठे जावं कळत नाही. पेटीच्या क्लासात सुरुवातीलाच शिकवतात तो भूप राग आठवा. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. देशकार रागातही नेमके हेच पाच स्वर आहेत. तरी भूप वेगळा आणि देशकार वेगळा, कारण एकात गंधारावर भर आणि दुसऱ्यात धैवतावर. पाच स्वरांतून दोन राग निघतात, तर तुमची एक चाल निघणार नाही का? तुम्ही तर तीनच स्वर घ्या. सा, रे, ग. तेवढ्यातच एक ओळ बसवून बघा.

तिसरी युक्ती, शब्दांनाच विचारा. सूर विसरून जा आणि ओळ नुसती मोठ्याने म्हणा. 'लिंबाखाली शाळा माझी.' यातली आठही अक्षरं दीर्घ उच्चाराची, म्हणजे प्रत्येकी दोन मात्रांची आहेत. चार अक्षरं झाली की आठ मात्रा भरतात. म्हणजे केरव्याचं एक आवर्तन पुरं! 'लिंबाखाली' एक आवर्तन, 'शाळा माझी' दुसरं. टाळ्या वाजवत म्हणा, ओळ आपोआप डुलू लागेल. मग तीच ओळ सहा मात्रांच्या दादऱ्यात बसवून बघा. अक्षरं थोडी ओढावी लागतील, थोडी आखडावी लागतील, आणि त्या ओढाताणीतूनच नवा सूर डोकावेल.

चौथी युक्ती, सुरुवात अडली तर मधूनच सुरू करा. सर्गेईने तेच केलं. ध्रुवपद सुचत नाही? राहू दे. जो अंतरा तुम्हांला सगळ्यांत आवडतो, त्याला आधी चाल लावा. धाग्याचा गुंता सोडवताना आपण टोक सापडेपर्यंत थांबतो का? जो फेरा सैल दिसतो, तो आधी सोडवतो.

पाचवी युक्ती, वाजवणं सोडू नका. नवीन सुचत नसेल तेव्हा जुनं गा, दुसऱ्यांचं ऐका, अलंकार घोटा. सर्गेईने त्या वाईट काळातही पियानो आणि वाद्यवृंद सोडला नव्हता. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं, पण झरे बुजवून कसं चालेल?

आणि 'हे दुसऱ्या गाण्यासारखं झालं' म्हणून घाबरू नका. आपण जे ऐकतो त्यातूनच आपल्याला सुचायला लागतं. तान्हं बाळही आधी आईचेच शब्द बोलतं, आणि मग स्वतःची वाक्यं. सारखं वाटलं तर एक स्वर बदला, एक जागा बदला, ताल बदला. मात्र दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलून 'माझी' म्हणू नका. तेवढं प्रामाणिक राहायलाच हवं.

मोठ्यांसाठी दोन शब्द

आता आईबाबांशी थोडं बोलते. क्यूई काही दुष्ट नव्हते, टॉलस्टॉय तर नव्हतेच. मीही नव्हते. आम्ही फक्त मनात आलं ते त्याच क्षणी बोललो. मूल पहिल्यांदा स्वतःचं काही गाऊन दाखवतं, तेव्हा ते नुसती चाल दाखवत नसतं, स्वतःला दाखवत असतं. त्या वेळी "कशासारखं झालंय" हे सांगायची घाई नको. "पुन्हा एकदा म्हण बघू" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. खोटं कौतुकही नको हं, मुलांना ते लगेच कळतं. चूक दाखवायचीच असेल तर चाल पुरी झाल्यावर दाखवा, आणि चार जणांत नको.

मी स्वतः काय केलं? दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "त्या दिवशी मी पूर्ण ऐकून न घेताच बोलले. माझं चुकलं." वर्ग एकदम शांत झाला. बाईंचंही चुकतं, हे त्यांना नवीन असावं! मग एक मुलगा उठून म्हणाला, "आम्ही पण हसलो होतो."

तिला मात्र लगेच काही सुचलं नाही बरं का. तीन-चार दिवस ती नुसत्या टाळ्याच वाजवत होती. एके दिवशी शाळा सुटताना लिंबाखाली चपला घालता घालता तिने शेवटचा अंतरा गुणगुणला. पावसात झाडाखाली उभं राहिल्याचं कडवं होतं ते. तीनच स्वर. मी काही बोलले नाही, दप्तराचा बंद बांधत राहिले. दुसऱ्या दिवशी तिनेच वही पुढे केली. सा रे ग असे स्वर पेन्सिलीने लिहिले होते, बरेचसे खोडलेले. ध्रुवपदाची चाल सगळ्यांत शेवटी झाली, संमेलनाच्या आदल्या दिवशी.

एक गोष्ट सांगायची राहिली. सर्गेईच्या त्या फसलेल्या पहिल्या सिंफनीचं पुढे काय झालं? १९१७ मध्ये तो रशिया सोडून गेला, तेव्हा तिचे कागद तिथेच राहिले आणि नाहीसे झाले. पुन्हा कधी ती त्याला ऐकायला मिळाली नाही. १९४३ मध्ये तो अमेरिकेत वारला. त्यानंतर लेनिनग्राडच्या, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गच्या एका ग्रंथालयात वादकांनी वापरलेले सुटे कागद सापडले. ते जुळवून सिंफनी पुन्हा उभी केली गेली आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत वाजली. लोकांनी तिचं मनापासून स्वागत केलं. आज जगातले मोठमोठे वाद्यवृंद ती वाजवतात.

म्हणजे पाहा, 'नरकातलं संगीत' म्हणून जिची टिंगल झाली, ती इतकी वाईट नव्हतीच! फक्त हे कळायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली, आणि ज्याला कळायला हवं होतं तो तेव्हा या जगात नव्हता.

म्हणून मुलांनो, कुणी हसलं तरी आपली चालीची वही फाडून टाकू नका. कपाटात ठेवा. आणि तुमच्या शेजारच्या बाकावरचा मित्र किंवा मैत्रीण काही नवं गुणगुणत असेल, तर एवढंच म्हणा, "पुन्हा एकदा म्हण ना!"

चला तर मग, उघडा ती पेटी. तीनच स्वर घ्या. सा, रे, ग. आणि सुरुवात सुचत नसेल, तर मधूनच सुरू करा!